निवासमंडपाचं मॉडेल जोडायला घेण्याआधी हे वाचा

प्रभूच्या नावात सलाम. बॉक्स उघडल्या उघडल्या पाकिटं फोडू नका, जोडायचं कसं ते चित्रांसकट दुसऱ्या शीटवर दिलंय, या पानावर फक्त कुठल्या भागाचा अर्थ काय ते आहे कारण संडे स्कूलच्या टीचर लोकांचे फोन त्याच्यासाठीच जास्त येतात.

निवासमंडप म्हणजे इस्राएली लोकांनी वाळवंटात उभारलेला देवाचा तंबू. मापं बायबलातल्या निर्गम 25 पासून पुढं दिलीत तीच घेतलीत. एक हात म्हणजे आपल्याकडं 1 सेंटिमीटर, म्हणजे अंगण 100 बाय 50, आतला मंडप 30 लांब, 10 रुंद, 10 उंच, आणि कोश, म्हणजे आतली कराराची पेटी, फक्त अडीच सेंटिमीटरचा, तो पोरांच्या हातात देताना जरा सांभाळून. खरा हात साधारण 45 सेंटिमीटरचा, त्यावरून अंगण केवढं होतं ते काढा. इस्राएलमधे एलातजवळ तिम्ना पार्कात फुल साइज मॉडेल उभं केलंय, टूरला गेलेल्यांनी बघितलं असेल. मूळ लाकूड बाभळीचं, आपलं एमडीएफ आहे, सागवानात करून द्या म्हणू नका, परवडणार नाही कोणालाच.

आता महत्त्वाचं. काही भागांच्या तळाला लाल टिकली आहे, काहींना नाही. टिकली म्हणजे त्या वस्तूचा ख्रिस्ताशी संबंध नव्या करारानं स्वतः जोडलाय. टिकली नसेल तर तो अर्थ नंतरच्या शिक्षकांनी आणि उपदेशकांनी लावलेला. तो चुकीचाच असतो असं नाही, पण मुलांना सांगताना दोन्ही एकाच दमात सांगू नयेत असं आमचं मत आहे.

टिकलीवाले भाग कमी आहेत. अंतरपट, म्हणजे मंडपात सगळ्यात आतल्या खोलीपुढचा पडदा, कारण इब्री 10:20 सरळ सांगतं की पडदा म्हणजे त्याचा देह. दयासन, म्हणजे कोशावरचं दोन करूबांचं (पंखवाल्या स्वर्गीय प्राण्यांचं) झाकण, जिथं महायाजक वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी रक्त शिंपडायचा, आणि रोमकरांस 3:25 मधे पौल येशूबद्दल बोलताना तोच शब्द वापरतो. आणि अख्खा मंडप, त्याच्या बेसखाली टिकली आहे, इब्री 9 वाचा. तिथंच 9:2 ते 5 मधे लेखक दीपवृक्ष, मेज, करूब सगळं मोजून दाखवतो आणि म्हणतो आता याबद्दल सविस्तर सांगता येत नाही! तो जिथं थांबला तिथून पुढं आपल्या लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, आठव्या शतकात इंग्लंडमधे बीड नावाचे संन्यासी होते त्यांनीसुद्धा एक लिहिलंय.

दीपवृक्षाला टिकली का नाही असं खूप जण विचारतात. ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशू मंदिराच्या आवारात म्हणाला खरं, पण तिथं दीपवृक्षाचं नाव नाही, आणि प्रकटीकरण 1:20 मधे समया म्हणजे मंडळ्या असं लिहिलंय. भाकरीचं मेज आणि पूर्वेचं दार यांचंही तसंच, योहान 10 मधलं दार मेंढवाड्याचं आहे. पडद्यांच्या रंगांचं म्हणाल तर निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजा, किरमिजी म्हणजे रक्त, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय, पण पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच रंगांना हवा, समुद्र आणि अग्नी म्हणतो आणि तागाच्या कापडाला पृथ्वी.

आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतं ते बैठकांचं, म्हणजे फळ्या-खांबांच्या खालच्या आधारांचं पाकीट, ज्यात चंदेरी मणी आहेत. बरोबर 100 आहेत, मोजून घ्या. 48 फळ्या, प्रत्येकीला खाली दोन, झाल्या 96, आणि अंतरपटाच्या चार खांबांना चार. खऱ्या मंडपात यातली एकेक बैठक एक किक्कार चांदीची (किक्कार आणि शेकेल ही तेव्हाची वजनं). ही चांदी आली कुठून तर शिरगणतीतून, प्रत्येक पुरुषानं जिवाच्या खंडणीचा अर्धा शेकेल द्यायचा, श्रीमंतानं जास्त नाही, गरिबानं कमी नाही. 6,03,550 पुरुष, त्यांचे अर्धे अर्धे शेकेल म्हणजे 3,01,775, आणि 3,000 शेकेलचा एक किक्कार धरला तर 100 किक्कार आणि वर 1,775 शेकेल, त्या उरलेल्याच्या आकड्या वगैरे केल्या (निर्गम 38). म्हणजे सोन्यानं मढवलेल्या सगळ्या फळ्या उभ्या कशावर तर खंडणीवर. 1 पेत्र 1:18 मधे तुम्ही सोन्यारुप्यानं नाही तर ख्रिस्ताच्या रक्तानं सोडवले गेलात असं आहे, तिथं मंडपाचा उल्लेख नाही म्हणून आम्ही मण्यांना टिकली दिली नाही, पण शिकवताना हा भाग सोडू नका, वर्गात गणित करून घ्या, पोरं रमतात.

धूपवेदी कुठं ठेवायची यावर वाद होतात. इब्री 9:4 वाचलं की ती पडद्याच्या आत वाटते, निर्गममधे मात्र पडद्यासमोर बाहेर सांगितलीय, आमच्या बेसवरची खाच निर्गमप्रमाणे आहे. मेज उत्तरेला, दीपवृक्ष दक्षिणेला. होमवेदी आणि मंडप यांच्या मधलं गंगाळ, ज्याचं माप दिलेलंच नाही, म्हणून अंदाजानं केलंय.

आणि क्रूस. गणना 2 मधले आकडे घेऊन वरून बघितलं तर मंडपाभोवतीची इस्राएली लोकांची छावणी क्रुसासारखी दिसते, पूर्वेला यहूदाकडचे 1,86,400 सगळ्यात जास्त, पश्चिमेला 1,08,100 सगळ्यात कमी, असं चित्र व्हाट्सअपवर फिरत असतं आणि मग छावणीचा बेस पण द्या अशी मागणी येते. देत नाही आम्ही. कुणी किती रुंदीत तंबू लावले हे वचनात कुठंच नाही, त्यामुळं हवा तो आकार काढता येतो.

छपराचे चार थर गोंदानं चिकटवू नका, काढघाल करता आली पाहिजे, नाहीतर आतलं काही दाखवता येणार नाही. अंतरपट तीन दिलेत, एक लावायला आणि दोन मत्तय 27:51 च्या (येशू मेला तेव्हा मंदिराचा पडदा फाटला त्या) धड्याला वरून खालपर्यंत फाडायला, वरच्या कडेला बारीक काप आहे तिथून सरळ फाटतो. तो पडदा यरुशलेमेतल्या मंदिराचा होता, वाळवंटातल्या मंडपाचा नाही, हे मुलांना आधी सांगा. अजून पडदे लागले तर बॉक्सवरच्या नंबरला मेसेज टाका, फक्त कुरियरचे पैसे पडतील.