नुकसान बेरजेत, चुका गुणाकारात

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात रेड म्हणजे अनेक खेळाडूंनी मिळून एका दांडग्या बॉसला पाडणं. किती जण लागतील हे खेळ ठरवतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 मध्ये आला तेव्हा ‘मोल्टन कोर’साठी 40 जण जमवावे लागत. ‘फायनल फँटसी 14’मध्ये नेहमीची रेड आठ जणांची असते. त्यातले दोन टँक बॉसचा मार अंगावर घेतात, दोन हीलर सगळ्यांना जिवंत ठेवतात आणि चार डीपीएस बॉसचं रक्त कमी करत राहतात. ओळखीचं गिल्ड (खेळाडूंचा कायमचा गट) असलं तर हे आठ जण आधीच ठरलेले असतात. पण दारव्हा किंवा चिमूरकडच्या एखाद्या गावात हा खेळ खेळणारा बहुधा एकटाच असतो. त्याला अनोळखी खेळाडूंच्या रँडम पार्टीशिवाय पर्याय नाही.

अशी पार्टी का फुटते, हे आधी आकड्यांत बघू. बॉसला होणारं नुकसान बेरजेत चालतं, कापूस वेचणीसारखं. एकीने 30 किलो वेचला आणि दुसरीने 60, तरी दिवसाचा कापूस 90 किलोच भरतो. डीपीएस थोडा कमजोर असला तर दुसरा तगडा डीपीएस ती तूट भरून काढतो. चुका मात्र गुणाकारात जातात. अवघड बॉसच्या लढाईत असे प्रसंग येतात की आठांपैकी एक जरी चुकीच्या जागी उभा राहिला तरी सगळे मरतात. समजा असे 10 प्रसंग आहेत आणि प्रत्येक खेळाडू दर वेळी 98 टक्के बरोबर वागतो. म्हणजे 80 संधी, आणि सगळ्या बरोबर येण्याची शक्यता 0.98 चा 80 वा घात, म्हणजे जेमतेम 20 टक्के. पाचपैकी चार वेळा वाइप, म्हणजे सगळी पार्टी गारद! तेच आठ जण 99 टक्क्यांवर गेले की शक्यता 45 टक्के होते आणि 99.5 टक्क्यांवर 67 टक्के.

म्हणून नवं शस्त्र मिळवून आपलं नुकसान चार टक्के वाढवण्यापेक्षा आपली चूक पन्नासात एकवरून शंभरात एकवर आणणं कितीतरी मोलाचं. बरेच खेळाडू नेमकं उलट करतात, कारण नुकसानीचा आकडा स्क्रीनवर दिसतो आणि टळलेली चूक कुठेच दिसत नाही.

अनोळखी लोकांच्या चुका बहुतेक वेळा हात हळू चालल्याने होत नाहीत. दोघांनी एकच प्रसंग दोन वेगळ्या पद्धतींनी शिकलेला असतो, तिथे गाडी अडकते. आग आली की जोड्यांनी पूर्वेला जायचं की पश्चिमेला, याची दोन्ही उत्तरं बरोबर असतात, फक्त आठांचं उत्तर एकच हवं. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1960 च्या सुमारास हाच प्रश्न मांडला होता: बोलणं न होता माणसं एकाच उत्तरावर कशी येतात? तर एखादी ठळक, सगळ्यांना दिसणारी खूण असली की येतात. रेडमध्ये ती खूण म्हणजे जमिनीवरचे मार्कर आणि लीडरने चॅटमध्ये टाकलेला मॅक्रो, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं याची तयार यादी. पार्टीत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मॅक्रो वाचून आपली जागा चॅटमध्ये लिहिणं: ‘डी3 (तिसरा डीपीएस), वायव्य’. दोघांनी एकच जागा लिहिली तर भांडण तिथेच मिटतं. मॅक्रो कुणी टाकलाच नसेल तर काउंटडाउन सुरू होण्याआधी मागा. पुल झाल्यावर, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर, विचारून काही उपयोग नसतो.

भाषेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. ‘फायनल फँटसी 14’मध्ये ठरावीक शब्दांचा तयार कोश आहे. शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबला की तो समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतो, मग तो जपानी असो की जर्मन. मराठी-हिंदी त्यात नाही, पण मोडक्या इंग्रजीवर काम चालतं.

पार्टी निवडताना वर्णनातला एक शब्द सगळ्यात महत्त्वाचा: फ्रेश, प्रॉग की फार्म. फ्रेश म्हणजे सगळेच नवे. प्रॉग म्हणजे लढाईच्या अमुक टप्प्यापर्यंत पोहोचलेले. फार्म म्हणजे बॉस आधी पाडून आता लूटसाठी आलेले. इथे लोक सर्रास खोटं बोलतात. अर्धी लढाई पाहिलेला ‘शेवटचा टप्पा पाहिलाय’ म्हणून घुसतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर चांगला माल बाजारातून निघून जातो. पार्टी फाइंडरमध्ये, म्हणजे खेळातल्या पार्ट्यांच्या यादीत, तेच होतं. खोटारडे वाढले की लीडर अटी वाढवतात, मधल्या दर्जाचा प्रामाणिक खेळाडू बाहेर राहतो, आणि मग तोही थोडं फुगवून सांगायला लागतो. आपण जो टप्पा दोनतीनदा नीट पार केलाय, तेवढाच सांगावा. आठांतला एक जण टप्पा चारला नवखा असला, तर बाकी सात जणांची संध्याकाळ टप्पा चारवरच अडते.

रांगेत थांबायचा कंटाळा असेल तर टँक शिका. समजा 100 जण रांगेत आहेत: 12 टँक, 18 हीलर, 70 डीपीएस. दर पार्टीला दोन टँक लागतात, म्हणून पार्ट्या सहाच बनतात. त्यात 24 डीपीएस लागतात आणि 46 जण ताटकळत बसतात.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी: नेट आणि लाइन. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर जपानमध्ये असला, तर नागपूरपासून तो सरळ रेषेत सुमारे 6 हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 60 मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसतात. डेटा आधी मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्याला जातो, मग समुद्राखालून पुढे. त्यामुळे पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद, याच्या दुपटीच्या पुढेच सापडतं. पिंग कमी करून देणारं विकतचं सॉफ्टवेअर ही अंतराची मर्यादा मोडू शकत नाही. तुमच्या इंटरनेट कंपनीचा मार्ग वाकडातिकडा असेल तरच त्याने फरक पडतो.

पण 150 चं स्थिर पिंग चालून जातं. बॉसचा कास्ट बार (हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी) संपतो त्या क्षणी सर्व्हर तुमची जागा टिपून घेतो, ज्वाळा नंतर दिसतात. 150 पिंग असेल तर बार संपण्याआधी किमान पाव सेकंद जागा सोडलेली असावी, हे आठवडाभरात अंगवळणी पडतं. 150 वरून 400 वर उड्या मारणारं पिंग मात्र शिकताच येत नाही. पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वाटेत हरवणं त्याहून वाईट. सुरुवातीला सांगितलेले दोन्ही खेळ टीसीपी पद्धतीने डेटा पाठवतात. एक पॅकेट हरवलं की मागून आलेली सगळी ते पुन्हा येईपर्यंत खोळंबतात आणि मग एकदम धडकतात. व्हिडिओ आधीच साठवून ठेवला जातो, म्हणून त्याच नेटवर यूट्यूब मजेत चालतं आणि ‘नेट तर चांगलं आहे’ असा गैरसमज होतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगची 100 पॅकेट पाठवून सरासरी, कमाल आणि हरवलेली पॅकेट बघा. शंभरात दोनतीन हरवत असतील तर त्या दिवशी आठ जणांच्या रेडला जाऊ नये. वाय-फायऐवजी केबल लावून तेच पुन्हा तपासा, अर्धा दोष बरेचदा घरातच सापडतो. मोबाइलच्या नेटवर खेळणाऱ्याने टॉवरवर रात्री आठनंतर होणारी गर्दी लक्षात घ्यावी. जपानी घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेचार, म्हणजे तिकडची गर्दीची वेळ आपल्या मोकळ्या टॉवरच्या वेळेला येते.

लाइन गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर मरतो. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला एकदोन मिनिटं जातात; तेवढ्यात पार्टी वाइप झालेली असते. उपाय स्वस्त आहे: राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस. 3.7 व्होल्टला 8,000 एमएएच म्हणजे सुमारे 30 वॉट-तास. वाटेतली गळती धरून 10 वॉटचा राउटर अडीच तास चालतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आकडा बघाच. 9 व्होल्टच्या राउटरला 12 दिले तर तो जळू शकतो. शेतीपंप आणि गाव एकाच डीपीवर असतील तर थ्री-फेज आल्या-आल्या पंप सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा 100 ते 240 व्होल्ट घेतो, त्याला काही होत नाही. स्वस्त एसएमपीएसचा (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा) डेस्कटॉप मात्र रीस्टार्ट होतो.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःच वेग कमी करतो, आणि स्क्रीन नेमकी शेवटच्या टप्प्यात अडखळते. फ्रेम 60 ऐवजी 30 वर बांधा, सेटिंगमध्ये इतर खेळाडूंचे इफेक्ट बंद करा. 24 जणांच्या रेडमध्ये दुसऱ्या उपायाचा फरक लगेच दिसतो. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये, तुषार आत जातात.

लढाईत मेलात आणि कुणी उठवू लागलं, तर घाईने होकार देऊ नका. पुढचा मोठा हल्ला होऊन जाऊ द्या. उठवलेल्या खेळाडूची ताकद ‘फायनल फँटसी 14’मध्ये 100 सेकंद चतुर्थांशाने कमी असते. त्यात पुन्हा मेलात तर ती अर्ध्यावर येते. वाटून घ्यायच्या हल्ल्यांचं गणितही बिघडतं: 8 लाखांचा हल्ला आठांत वाटला तर प्रत्येकी 1 लाख, दोघे मेलेले असतील तर 1 लाख 33 हजार, आणि तेवढं रक्त बऱ्याच जणांकडे नसतं.

राहिली लूट. एकच दुर्मीळ घोडा पडतो आणि आठही जण फासे टाकतात, असं धरलं तर एका विजयात तो मिळण्याची शक्यता आठात एक. आठ विजयांनंतरही हात रिकामा राहण्याची शक्यता 34 टक्के, सोळा विजयांनंतरही 12 टक्के. म्हणून सॅव्हेज, म्हणजे अवघड पातळीच्या, रेडमध्ये दर आठवड्याच्या विजयाला प्रत्येकाला एक टोकन मिळतं. ठरावीक टोकन जमली की वस्तू फाशांशिवाय विकत घेता येते. हा आठवडा आपल्या घड्याळानुसार मंगळवारी दुपारी दीडला बदलतो. त्यानंतरच्या एकदोन दिवसांत अनुभवी खेळाडू आपला कोटा उरकून घेतात. शनिवार-रविवारच्या पार्ट्यांत उरतात ते बहुतेक आठवडाभर अडकलेले.