सूत आणि दोरा: सुईत नक्की काय ओवायचं?

आमच्या म्हापशाच्या घरी आजी सुईत ‘सूत’ ओवायची आणि आई ‘दोरा’. आजी कोकणीत बोलायची, आई सावंतवाडीची. डबा एकच आणि त्यातलं पांढरं रीळही तेच. त्यामुळे हे एकाच वस्तूचे दोन शब्द, असंच मी बरीच वर्षं धरून चालले होते. स्वतः शिवायला बसल्यावर फरक बोटांना कळला.

तुम्हीही करून बघा. वटपौर्णिमेला वडासाठी आणतो त्या पांढऱ्या सुताच्या गुंडीतला एकच धागा वीतभर तोडा, टोकं दोन चिमटींत धरा आणि पिळाच्या उलट फिरवा. थोड्याच वेढ्यांत कापूस सैल पडतो आणि अलगद ओढलं की धागा मधूनच निसटतो. तो तुटत नाही, नुसते तंतू एकमेकांपासून सरकतात. आता रिळावरचा दोरा तसाच उलगडा. तो विसकटणार नाही, दोन किंवा तीन पदरांत सुटेल. त्यातला एकेक पदर म्हणजे एकेक सूत.

सगळी करामत पिळाची आहे. सूत कातताना तंतूंना एका दिशेने पीळ बसतो आणि एकेरी सुताला तो सोडायची घाई असते. सैल सोडलं की ते स्वतःभोवतीच गुरफटतं. दोरा करताना अशी दोन-तीन सुतं शेजारी घेऊन उलट दिशेने पिळतात. मग सुताची ओढ एकीकडे, दोऱ्याची दुसरीकडे, आणि दोन्ही एकमेकींना अडवून धरतात. काथ्याचा सुंभ वळताना कुणाला पाहिलं असेल तर हे सांगायलाच नको: पदर वळायचे एका बाजूला, जोडायचे दुसऱ्या बाजूला. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ म्हणतात तो पीळ हाच. शिवणयंत्राच्या दोऱ्याचा शेवटचा पीळ बहुधा ठरावीक दिशेचाच असतो. दोरा उभा धरला तर त्याच्या रेघा डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. उलट पिळाचा दोरा यंत्राच्या चालीने शिवता शिवताच उकलायला लागतो.

सुताची बारीकी नंबरात सांगतात. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तो त्याचा नंबर, म्हणजे नंबर मोठा तितकं सूत बारीक. ४० नंबरचं एक पौंड सूत सरळ पसरलं तर साडेतीस किलोमीटरांच्या वर जातं. पणजीहून निघालं तर मडगावच्या आसपास पोचेल!

पण पदर मोजले की झालं, असंही नाही. विणकर दुहेरी सूतही वापरतात. त्याच्या गठ्ठ्यावर २/८० लिहिलेलं असतं, म्हणजे ८० नंबरची दोन सुतं एकत्र पिळलेली. रचनेने तो दोराच, पण मागावर त्याला कुणी दोरा म्हणत नाही. माझ्या मते खरा फरक कामाचा आहे. सुताचं कापड होतं. दोरा झालेल्या कापडाला धरून ठेवतो. मागावर उभं सूत म्हणजे ताणा, आडवं म्हणजे बाणा. ताण्याचं सूत फणीत सारखं घासतं, म्हणून त्याला आधी खळ लावावी लागते. एकदा विणलं गेलं की शेजारची सुतंच त्याला धरतात, स्वतःच्या ताकदीची त्याला फारशी गरज उरत नाही. दोऱ्याला मात्र टाक्याटाक्याला एकट्याने ओढ सोसायची असते. बोलण्यातही हा भेद आहे: वडाभोवती गुंडाळतो ते सूत, मनगटावर गाठ मारून बांधतो तो गंडादोरा.

(‘सूतोवाच’ मात्र या सुताचं नव्हे. ते पुराणं सांगणाऱ्या सूतांचं, ‘सूत उवाच’मधलं. सुतार आणि त्याचं इंचाचा आठवा भाग मोजणारं सूत हे दोघे आपल्याच घरातले.)

हे सगळं मला एका चुकीने शिकवलं. आजीची तांबडी-पांढरी कुणबी साडी खांद्याशी, जिथे गाठ मारून नेसतात तिथे, विरली होती. मी रिळाचा मजबूत पॉलिएस्टरचा दोरा घेऊन बारीक टाके घातले. दोऱ्याला काही झालं नाही. दोन धुण्यांत त्यानेच टाक्यांच्या कडेने जुनं कापड कापलं आणि बोटभर फाटलेलं वीतभर झालं. शिवण कापडाहून जरा कच्चीच हवी. ओढ बसली तर टाका तुटावा, साडी वाचावी. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

पुढे रफू करायला शिकले. साडीच्या आतल्या टोकाकडून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, चार सुतं काढली: तांबड्या चौकटीला तांबडी, पांढरीला पांढरी. आधी उभी ओढून घेतली, मग आडवी, एक वर एक खाली. म्हणजे तेवढ्या जागेत पुन्हा विणलंच. त्या दिवशी माझ्या सुईत दोरा नव्हता. आजी म्हणायची तेच होतं, सूत.