कृत्रिम खुब्याच्या पदार्थांची झीज चाचणी

खुब्याचा खराब झालेला सांधा काढून त्या जागी बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम सांध्यातील गोळा आणि वाटी एकमेकांवर घासून किती झिजतात, हे सांधा रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत मोजण्याच्या पद्धतीला झीज चाचणी म्हणतात. गोळा बहुधा कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनम या मिश्रधातूचा किंवा सिरॅमिकचा असतो, तर वाटीचे अस्तर बहुतांशी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे असते. वाटी पातळ होणे हे झिजेचे दिसणारे लक्षण होय. रुग्णाला खरा त्रास होतो तो सुटणाऱ्या कणांमुळे. यांतील बरेचसे कण एक मायक्रोमीटरहूनही लहान असतात. सांध्याभोवतीच्या भक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत, आणि त्यातून सुरू होणाऱ्या दाहामुळे सांध्याला धरून ठेवणारे हाड हळूहळू विरघळून सांधा ढिला पडतो. वर्षाला ५० घन मिलिमीटर पॉलिथिलीन झिजते आणि रुग्ण त्या पायावर वर्षाला दहा लाख पावले टाकतो असे धरले, तर एका पावलामागे कित्येक लाख कण सुटतात. वाटीत गोळा रुतण्याचे प्रमाण वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या खाली राहिले, तर हाडाची अशी हानी क्वचितच आढळते.

या चाचणीची निकड पटली ती रुग्णांनी सोसलेल्या यातनांमधून. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनच्या वाट्या बसवण्यास सुरुवात केली. दोन-तीन वर्षांतच त्या कित्येक मिलिमीटर झिजल्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९६२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांच्या हाती पॉलिथिलीनचा एक तुकडा आला. चार्नली बाहेरगावी असताना क्रेवन यांनी तो झीज यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही टेफ्लॉन एका दिवसात झिजले असते तेवढाही तो झिजला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॉलिथिलीनची वाटी रुग्णांना बसवली जाऊ लागली, आणि आजचे अस्तर त्याच पदार्थाचे सुधारलेले रूप आहे. याच काळातला दुसरा अनुभव मात्र तितकाच महत्त्वाचा असून तो कमी सांगितला जातो : दुसऱ्या पदार्थाची बारीक पूड (भरण) मिसळून कडक केलेले टेफ्लॉन यंत्रावर साध्या टेफ्लॉनपेक्षा कितीतरी टिकाऊ ठरले, पण शरीरात त्याचा तो टिकाऊपणा दिसला नाही. यंत्राला जी हालचाल आणि जे द्रव दिले जाते, तेवढ्यापुरतेच त्याचे उत्तर खरे असते.

पदार्थांची पहिली चाळणी पिन-ऑन-डिस्क यंत्रावर होते. पॉलिथिलीनची छोटी पिन ठरावीक भाराखाली गुळगुळीत धातूच्या चकतीवर घासली जाते. यंत्र अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत अशा प्रकारचे यंत्र सामान्यतः असते, आणि सांगली किंवा कराडच्या विद्यार्थ्याची झिजेच्या मोजमापाशी पहिली ओळख बहुधा त्यावरच होते. मात्र पिन एकाच रेषेत पुढे-मागे घासली, तर पॉलिथिलीनच्या रेणुसाखळ्या त्या दिशेने ओळीत बसतात, पृष्ठभाग त्या दिशेला बळकट होतो आणि झीज फसवी कमी दिसते. खुब्यात घर्षणाची दिशा प्रत्येक पावलात बदलते, त्यामुळे ओळीत बसलेल्या साखळ्या आडव्या ताणल्या जाऊन तुटतात. ही गोष्ट १९९० च्या दशकात नीट स्पष्ट झाली. तेव्हापासून एकरेषीय घर्षणावर काढलेले पॉलिथिलीनचे आकडे खुब्यासाठी ग्राह्य धरले जात नाहीत, आणि तसे ते धरूही नयेत.

प्रत्यक्ष सांधा तपासण्यासाठी हिप सिम्युलेटर, म्हणजे चालताना खुब्यात होणारी हालचाल व त्यावर येणारा भार यांची नक्कल करणारे यंत्र, वापरतात. आयएसओ १४२४२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागानुसार त्यात तिन्ही अक्षांभोवती हालचाल दिली जाते : मांडी २५ अंश पुढे व १८ अंश मागे, ७ अंश आत व ४ अंश बाहेर, शिवाय थोडे वळण. पावलाच्या चक्रात भार दोनदा चढून ३,००० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ३०५ किलोच्या वजनाइतका होतो, आणि पाय उचललेला असताना ३०० न्यूटनवर येतो. एक आवर्तन म्हणजे पावलाचे एक चक्र; सेकंदाला एक याप्रमाणे ५० लाख आवर्तने पूर्ण करायला यंत्र न थांबता जवळजवळ ५८ दिवस चालावे लागते. मधल्या मोजण्या धरल्या तर हे काम महिनोन्‌महिने चालते. अखंड विजेची सोय नसेल, तर ही चाचणी हाती घेण्यात अर्थ नाही.

सांधा ज्यात बुडवून घासला जातो त्या द्रवाची निवडही निर्णायक ठरते. नुसत्या पाण्यात चाचणी घेतली, तर पॉलिथिलीनचा थर गोळ्यावर चिकटून बसतो. रुग्णांतून काढलेल्या गोळ्यांवर तसा थर आढळत नाही. म्हणून वासराचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा प्रथिनयुक्त द्रव) पातळ करून, त्यातील प्रथिनांचे प्रमाण ठरवून, ३७ अंश सेल्सिअसला वापरतात. सीरम नासू नये म्हणून त्यात जंतुनाशक घालतात आणि दर ५ लाख आवर्तनांनी ते बदलतात.

झीज मुख्यत्वे वजनावरून काढतात, आणि प्रयोग करणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. वाटी यंत्रातून काढून, त्यावर चिकटलेली प्रथिने घासून, ती अल्ट्रासोनिक (ध्वनीच्या अतिसूक्ष्म कंपनांनी मळ सोडवणाऱ्या) टाकीत धुतात. मग निर्वातात वाळवून ०.१ मिलिग्रॅमपर्यंत अचूक तराजूवर, वजन स्थिर येईपर्यंत पुनःपुन्हा तोलतात. पॉलिथिलीन चाचणीदरम्यान द्रव शोषून जड होते. म्हणून तशीच आणखी एक वाटी केवळ भाराखाली, घर्षणाशिवाय, त्याच सीरममध्ये ठेवतात आणि तिचे वाढलेले वजन हिशेबात धरतात. किरणोत्सर्गाने रेणू एकमेकांशी जोडलेले आजचे पॉलिथिलीन इतके कमी झिजते, की ही दुरुस्ती केली नाही तर चाचणीअखेर वाटीचे वजन वाढलेलेच दिसू शकते. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत वजनखोलीची आर्द्रता आटोक्यात ठेवणे हे त्यामुळे किरकोळ काम राहत नाही.

मानकातील पाऊल सपाट जमिनीवरचे आहे. मिरज हे शतकाहून अधिक काळ दक्षिण महाराष्ट्र व लगतच्या कर्नाटकातील रुग्णांचे मोठे उपचारकेंद्र आहे. तेथे जत, तासगाव किंवा अथणीकडून येणारा रुग्ण दिवसभर सपाट फरशीवर चालत नाही. भांगलण करणारी बाई तासन्‌तास उकिडवी बसून सरकते, पंगतीत मांडी घातली जाते, सज्जनगडाच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. उकिडवे बसताना खुबा १०० अंशांच्या पलीकडे वाकतो, तर यंत्र त्याला २५ अंशांवर थांबवते. अशा वाकण्यात गोळ्याची मान, म्हणजे गोळ्याला मांडीतल्या दांड्याशी जोडणारा अरुंद भाग, वाटीच्या कडेवर आदळू शकते. सांधा निखळण्याच्या भीतीने डॉक्टर उकिडवे बसण्यास मनाई करतात, पण शेतात हात राबतात त्या घरी ती पाळली जाईलच असे धरून सांधा तपासणे योग्य नव्हे. भारतीय बैठकीची हालचाल चाचणीत यायलाच हवी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

कडेवरच्या भाराकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत जगाने मोजली आहे. धातूवर धातू घासणारे सांधे सिम्युलेटरवर अत्यंत कमी झिजत, पण वाटी तिरकस बसलेल्या रुग्णांत कडेशी झीज वाढून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरले. डीप्यू कंपनीचा एएसआर हा असाच सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. भारतातील रुग्णांनाही त्याचा फटका बसला. मानकाच्या चौथ्या भागात आता मुद्दाम तिरकस वाटी व कडेवरचा भार यांची चाचणी आली आहे. बोन सिमेंटची (सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या पदार्थाची) पूड द्रवात टाकून ओरखडलेल्या गोळ्यावर, तसेच ऑक्सिजनच्या दाबाखाली ७० अंशांना कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या पॉलिथिलीनवरही चाचण्या घेतल्या जातात.

दोन पदार्थांत सरस कोणता हे झीज चाचणी विश्वासार्हपणे सांगते. सांधा किती वर्षे टिकेल हे मात्र तिच्यावरून सांगता येत नाही. अहवाल वाचताना गोळ्याचा व्यास, वाटीचा कोन, सीरममधील प्रथिनांचे प्रमाण, द्रवशोषणाची दुरुस्ती आणि पदार्थ जुना करून तपासला होता की नाही, हे पाहावे लागते. यांपैकी एकही बाब वेगळी असेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.