टाळेबंदीचे आदेश, लसींचा हिशेब: माहिती अधिकारात कागद कसे मागायचे

मार्च २०२० पासून पुढची दोन वर्षं आपण आदेशांवर जगलो. दुकान कधी उघडायचं, लग्नाला किती माणसं, अंत्यविधीला किती, जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये चढायचं तर दोन डोस आणि वर चौदा दिवस. निर्णय जाहीर करणारे चेहरे आपल्याला पाठ आहेत. पंतप्रधान रात्री आठ वाजता बोलायचे, मुख्यमंत्री फेसबुकवरून. पण भाषणाआधी कुठल्यातरी टेबलावर नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, तयार होते. त्यात प्रस्ताव असतो, टिपणी असते, समासात शेरे असतात, खाली सह्या असतात. ही नस्ती बघण्याचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने तुम्हाला दिला आहे. तो नीट वापरता यावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी माझी चूक सांगतो, कारण बहुतेकांचा पहिला अर्ज तिथेच अडतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या आरोग्य उपकेंद्रावर लस येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी लोक पहाटे चार वाजता रांगेत चपला ठेवून जायचे. बऱ्याचदा लस यायचीच नाही. मी रागारागात अर्ज केला: ‘शेजारच्या केंद्राला लस मिळते, मग आमच्याच केंद्राला का मिळत नाही?’ एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही.’

उत्तर कोरडं होतं, पण कायद्याला धरून होतं. या कायद्यात ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात असलेली सामग्री. माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जांना उत्तर देण्यासाठी कार्यालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने, तुमच्यासाठी नवी कारणमीमांसा करावी किंवा मत द्यावं, अशी अपेक्षा त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून ‘का’ विचारू नका, ज्या कागदात ते ‘का’ लिहिलेलं आहे तो कागद मागा.

दुसऱ्या अर्जात मी फक्त एवढंच लिहिलं: ‘१ एप्रिल ते ३० जून २०२१ या कालावधीतील तालुका स्तरावरील लस साठा व वाटप नोंदवहीच्या साक्षांकित प्रती.’ चौदा पानं मिळाली, दोन रुपये पानाप्रमाणे अठ्ठावीस रुपयांत. तारीख, बॅच क्रमांक, आलेल्या कुप्या, केंद्राचं नाव, घेणाऱ्याची सही असे रकाने होते. आमच्या केंद्रासमोर सलग कोरे रकाने होते, आणि एका तारखेला समासात बारीक अक्षरात ‘वाहन नादुरुस्त’. मला हवं असलेलं कारण तिथे होतं, न विचारता.

गावपातळीवर जे खरं, ते दिल्लीतही खरं. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी विकत घ्यायची, असं केंद्राचं धोरण होतं. कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना आणि राज्यांना ३०० रुपयांना. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे च्या आदेशात हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी ठरवलं आणि केंद्राकडून काय मागितलं? लसखरेदीचा तारीखवार तपशील, आणि धोरणामागचा विचार दाखवणारी कागदपत्रं व नस्तीतल्या टिपण्या. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचं जाहीर केलं आणि २१ जूनपासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राकडून मोफत लस सुरू झाली.

आपल्या राज्यात लोकलप्रवासाच्या बंदीचंही तसंच झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठासमोर ते आदेश आले, तेव्हा लस चांगली की वाईट यापेक्षा आदेश ठरलेल्या कार्यपद्धतीने निघाला का, हा मुद्दा निर्णायक ठरला. आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांनी घालून दिलेली पद्धत पाळली गेली नाही, असं मत उच्च न्यायालयाने नोंदवलं. कार्यपद्धती पाळली की नाही, हे भाषणावरून कधीच कळत नाही. ते नस्तीवरूनच कळतं.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू.

अर्ज कोण करू शकतं? भारताचा कोणीही नागरिक. वयाची, शिक्षणाची, रहिवासाची अट नाही. नागपूरच्या माणसाला पुण्यातले कागद मागता येतात. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, मंडळाच्या किंवा कंपनीच्या नावाने नको. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. कोणी विचारलं तर हे कलम शांतपणे दाखवा, वाद घालू नका.

कोणाकडे करायचा, यात मात्र डोकं लावावं लागतं. ‘ब्रेक द चेन’चे राज्यस्तरीय आदेश मंत्रालयातल्या महसूल व वन, आपत्ती व्यवस्थापन, मदत व पुनर्वसन विभागाने काढले. जिल्ह्यापुरते निर्बंध जिल्हाधिकाऱ्यांनी, शहरापुरते महापालिका आयुक्तांनी, जमावबंदी बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी. देशव्यापी टाळेबंदीचे आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाचे. लसधोरण आणि खरेदी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे, राज्यातलं वाटप सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागातलं जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. तुमच्या हातात जुना आदेश असेल तर त्याच्या डोक्यावर विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. तो क्रमांक अर्जात जसाच्या तसा उतरवा. त्या एका क्रमांकाने अर्धं काम होतं, कारण मग ‘अशी नस्ती आढळत नाही’ म्हणणं कठीण जातं. पत्ता चुकलाच तरी अर्ज फुकट जात नाही. योग्य कार्यालयाकडे तो पाच दिवसांत वर्ग करणं कलम ६(३) नुसार माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’चा नमुना वापरा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे निर्बंध आणि लस एका अर्जात कोंबू नका, दोन अर्ज करा. केंद्राकडे ५०० शब्दांपर्यंत लिहिता येतं. मजकूर असा ठेवता येईल:

‘विषय: आपल्या कार्यालयाचा आदेश क्र. ___, दि. ___.
कालावधी: दि. ___ ते दि. ___.
हवी असलेली माहिती: सदर आदेश ज्या नस्तीवर निर्गमित झाला त्या नस्तीतील टिपणी भाग व पत्रव्यवहार भागाच्या साक्षांकित प्रती; आदेशापूर्वी यासंदर्भात झालेल्या बैठकांची सूचना, उपस्थितीपत्रक व इतिवृत्त; निर्णयासाठी आधार घेतलेले तज्ज्ञांचे अहवाल व आकडेवारी. प्रती देण्यापूर्वी अभिलेखाचे अवलोकन करावयाचे आहे.
माहिती टपालाने / व्यक्तिशः हवी आहे.’

यातलं अवलोकनाचं, म्हणजे नस्ती प्रत्यक्ष पाहण्याचं, वाक्य सहसा कोणी लिहीत नाही आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे. तुम्ही समोर बसून नस्ती उलटता, हवी ती पानं कागदाच्या चिठ्ठीने खुणावता आणि तेवढ्याच प्रती घेता. पहिल्या तासाला शुल्क नाही. शिवाय जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतील, असा २०१८ चा शासननिर्णय आहे. सोबत वही न्या, पानांवरचे क्रमांक टिपून घ्या. पान ३७ नंतर थेट ४१ आलं तर तिथल्या तिथे लेखी नोंदवा.

जोडायची कागदपत्रं थोडीच आहेत. राज्याच्या कार्यालयासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर डकवला की शुल्काचं काम झालं. रोखही भरता येतात, पण मग पावती घ्याच. दारिद्र्यरेषेखालील असाल तर तसा दाखला जोडा, शुल्क माफ. ओळखपत्र जोडलंच पाहिजे अशी अट कायद्यात नाही, उत्तर पाठवायला पुरेसा पत्ता मात्र हवा. ऑनलाइन करायचं तर राज्यासाठी आणि केंद्रासाठी वेगवेगळी संकेतस्थळं आहेत, दोन्हींवर पैसे तिथेच भरता येतात आणि नोंदणी क्रमांक लगेच मिळतो. हाताने द्यायला गेलात तर आवक-जावक टेबलावरून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. एका कार्यालयात मला ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा मी टपाल कार्यालयात जाऊन स्पीड पोस्टने पाठवून दिला. ती पावतीही पोच म्हणून चालते.

मुदत तीस दिवस. सहायक माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर आणखी पाच. माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. मुदत उलटली तर पुढे माहिती विनामूल्य द्यावी लागते, हे कलम ७(६) अर्जदारांना ठाऊक नसतं म्हणून पैसे भरले जातात.

नकार आला तर तो कोणत्या कलमाखाली, हे आधी वाचा. नुसतं ‘देता येत नाही’ हा नकार होत नाही, कारण आणि अपिलाचा तपशील लिहावाच लागतो. महामारीच्या कागदांबाबत तीन आडकाठ्या हमखास येतात. पहिली मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांची, कलम ८(१)(झ). पण त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सांगतं की निर्णय झाला, विषय संपला, की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत सामग्री जाहीर करायची. महाराष्ट्राने ३१ मार्च २०२२ ला निर्बंध उठवले. आता विषय चालू आहे असं कोण म्हणेल? दुसरी व्यापारी गुपिताची, कलम ८(१)(घ), लसकंपन्यांच्या करारांबाबत. इथे कंपनी त्रयस्थ पक्ष ठरते, तिला म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मुदत चाळीस दिवसांवर जाते. करारातली गोपनीय कलमं झाकून उरलेलं द्या, असं कलम १० खाली मागता येतं. तिसरी वैयक्तिक माहितीची, कलम ८(१)(ञ). २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने हे कलम जास्त व्यापक केलं आहे. म्हणून लाभार्थ्यांची नावं मागूच नका, संख्या मागा. आणि हे केवळ धोरण म्हणून नव्हे. शेजाऱ्याला कोणता आजार होता, त्याने लस घेतली की नाही, हे त्याचं आहे. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीरावरच्या हक्काचं भान राखतच, लसचाचण्यांची आकडेवारी आणि लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी व्यक्तीची ओळख न उघडता जाहीर करायला सांगितलं. मागणीही तशीच असावी.

पीएम केअर्स निधीबद्दल अनेकजण विचारतात. आपण या कायद्याखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही, अशी त्याची भूमिका आहे. त्यामुळे निधीकडे थेट अर्ज करून हात हलवत परत येण्यापेक्षा, ज्या सरकारी रुग्णालयाला त्यातून व्हेंटिलेटर मिळाले त्या रुग्णालयाच्या साठा नोंदवहीची, पोचपावतीची आणि दुरुस्तीच्या पत्रव्यवहाराची प्रत मागा. रुग्णालय नक्कीच कायद्याच्या कक्षेत येतं.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत. राज्यात जोडपत्र ‘ब’ आणि वीस रुपयांचा स्टॅम्प, केंद्रात शुल्क नाही. दुसरं अपील नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे, राज्यात जोडपत्र ‘क’. आयोगाकडे तारीख मिळायला फार वेळ लागतो, हे मनाशी धरूनच पहिलं अपील नेटकं लिहा. सुनावणीला जरूर जा, कारण निम्म्या नस्त्या ‘सापडतात’ त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड, आयोग करू शकतो.

एक गोष्ट घाईची आहे. सरकारी अभिलेखांची वर्गवारी असते: ‘अ’ वर्गातले कागद कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गातले वर्षभरात नष्ट करायचे, मधल्यांना ठरावीक वर्षं. महामारीतल्या साध्या नोंदवह्या, वाटपपत्रकं, ई-पासच्या याद्या यांची मुदत संपत आली आहे, काहींची संपलीही असेल. ‘अभिलेख नष्ट केला’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. दुसरा अर्ज करा आणि त्यात तीनच गोष्टी मागा: त्या नस्तीचा वर्ग ठरवल्याची नोंद, नष्ट करण्याच्या मंजुरीचा आदेश, आणि नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतलं संबंधित पान. खरोखर नष्ट केलं असेल तर या तिन्ही गोष्टी दाखवता येतात. माझ्या एका अर्जावर हे पान मागितल्यावर नवव्या दिवशी मूळ नोंदवहीच्या प्रती आल्या.