स्तन लहान करण्याचं ऑपरेशन : ‘कधी करावं’ या प्रश्नामागचा इतिहास

खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांनी पडलेले खड्डे, सतत दुखणारी मान, एप्रिल-मेमध्ये स्तनाखाली घाम साचून चिघळणारी बुरशी. असा त्रास असेल तर नुसती लिफ्ट, म्हणजे ओघळलेले स्तन वर उचलून घेण्याचं ऑपरेशन, करून उपयोग नाही. लिफ्टमध्ये जादा कातडी निघते, ग्रंथीचं वजन तेवढंच राहतं. हे आधी स्पष्ट करून घ्यावं.

दोन्ही ऑपरेशनांत स्तनाग्र वर न्यावं लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे. १९२२ मध्ये शिकागोचे सर्जन मॅक्स थोरेक यांनी ते पूर्ण सोडवून कलमासारखं नव्या जागी लावण्याची पद्धत मांडली. त्यात दूध पाजणं कायमचं संपे. १९३० मध्ये सर्जन श्वार्त्समान यांनी भोवतालच्या कातडीचा फक्त वरचा पापुद्रा सोलला. आतल्या थरातून स्तनाग्राला रक्त पोचत राहिलं. १९५६ मध्ये रॉबर्ट वाइज यांनी ब्राच्या कटिंगवरून आखणीचा साचा केला. उलट्या ‘टी’चा व्रण त्यातूनच येतो. सत्तरच्या दशकात स्तनाग्र खालच्या मांसल देठावर राखून वर सरकवणं रुळलं.

या देठाला रक्त मिळालं नाही तर स्तनाग्र काळं पडून झडतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तंबाखू आधी चार आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद हवी. नाशिकच्या खेड्यांत मिश्रीबद्दल वेगळं विचारावंच लागतं. दात घासायची मिश्री अनेकजणी तंबाखूत धरतच नाहीत.

अंगावरचं दूध सुटल्यावर सहा महिने थांबावं, वजनही तितकेच महिने स्थिर असावं. पुढे मूल हवं असेल तर घाई नको : गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो, दूध कमी येऊ शकतं. मात्र त्रास असह्य असेल तर बाळंतपणासाठी वर्षानुवर्षं सोसत राहणंही बरोबर नाही.

‘टी’च्या रेषा जिथे मिळतात तिथे कातडीवर सर्वांत जास्त ताण असतो. जखम उघडते ती बहुधा तिथेच. ड्रेसिंगने काही आठवड्यांत भरते. हात डोक्यावर नेण्याचं काम साधारण सहा आठवडे बंद. द्राक्षाच्या मांडवाखाली तर हात सतत वरच असतात. त्यामुळे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्या मधला, जुलै-ऑगस्टचा काळ बागेतल्या बाईला सोयीचा.