बॉक्स स्कोअर (बास्केटबॉल)

बॉक्स स्कोअर म्हणजे बास्केटबॉलच्या एका सामन्यात कोणत्या खेळाडूने आणि कोणत्या संघाने काय केले, याचा आकड्यांतला तक्ता. प्रत्येक खेळाडूला एक आडवी ओळ, प्रत्येक कृतीला एक उभा रकाना आणि तळाला संघाची बेरीज. ही मांडणी बेसबॉलच्या वार्तांकनातून आली. अमेरिकी वृत्तपत्रांना अख्खा सामना चार बोटे जागेत बसवायचा असे.

एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) आजच्या तक्त्यात खेळलेली मिनिटे, फील्ड गोल (चालू खेळातले फटके, एरवी दोन गुणांचे), तीन गुणांचे फटके, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा फटका), आक्रमक व बचावात्मक रीबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर आपल्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याचा चेंडू ताब्यात घेणे), असिस्ट (गोल घडवणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला फटका), टर्नओव्हर (फटका न मारता गमावलेला चेंडू), फाउल, गुण आणि प्लस-मायनस असे रकाने असतात. फटक्यांचे आकडे जोडीने लिहितात : ‘८-१५’ म्हणजे १५ प्रयत्नांत ८ यशस्वी. फटका मारताना फाउल झाला आणि चेंडू जाळीत गेला नाही, तर तो प्रयत्न फील्ड गोलमध्ये धरत नाहीत. त्याची नोंद फक्त फ्री थ्रोंत उमटते. ४८ मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज २४० यायला हवी. पाच मिनिटांचा एक जादा डाव झाला तर २६५. रीबाउंडची बेरीज मात्र खेळाडूंच्या ओळींशी जुळेलच असे नाही, कारण चेंडू कुणाच्या हाती न येता बाहेर गेला तर तो रीबाउंड संघाच्या नावावर जातो. चोवीस सेकंदांत फटका न मारल्याने होणारा टर्नओव्हरही संघाचाच.

तक्ता काय सांगतो आणि काय गाळतो, हे पाहायला २ मार्च १९६२ चा सामना सर्वांत चांगला. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९-१४७ असे हरवले आणि विल्ट चेंबरलेनने एकट्याने १०० गुण केले. सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही. चौथ्या क्वार्टरच्या (सामन्याच्या शेवटच्या पाव भागाच्या) रेडिओ समालोचनाचे ध्वनिमुद्रण तेवढे आहे. त्यामुळे साक्षीला मुख्यतः तक्ताच उरतो. वॉरियर्सचे आकडेनोंदणीकार हार्वी पोलॅक त्या संध्याकाळी वृत्तसंस्थांसाठी बातम्याही पाठवत होते. कागदावर ‘१००’ लिहून तो चेंबरलेनच्या हाती देणारेही तेच. ते छायाचित्र सर्वपरिचित आहे.

चेंबरलेनची ओळ अशी : ४८ मिनिटे, फील्ड गोल ३६-६३, फ्री थ्रो २८-३२, रीबाउंड २५, असिस्ट २. क्वार्टरनिहाय गुण २३, १८, २८ आणि ३१. यात नजर थांबावी ती फ्री थ्रोंवर. त्या मोसमात त्याचे फ्री थ्रोतले यश ६१ टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्या रात्री ८७.५ टक्के. बाकीच्या ओळींत अ‍ॅल अ‍ॅटल्सची ओळ देखणी आहे : ८-८ फील्ड गोल, १-१ फ्री थ्रो, १७ गुण. एकही फटका न चुकवलेला हा खेळाडू एरवी दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात गेला असता. पॉल अ‍ॅरिझिन आणि टॉम मेशेरी प्रत्येकी १६, गाय रॉजर्स ११, टेड लुकनबिल शून्य. सगळ्यांची बेरीज फील्ड गोल ६३-११५ आणि फ्री थ्रो ४३-५२. ६३ दुणे १२६ आणि वर ४३, म्हणजे १६९. त्या काळी तीन गुणांचा फटका नसल्याने पडताळा इतका सोपा होता.

रॉजर्सची ओळ कोड्यात टाकते : फील्ड गोल १-४, पण फ्री थ्रो ९-१२. चेंडू चेंबरलेनकडे जाऊ नये म्हणून निक्स शेवटी शेवटी इतरांना मुद्दाम फाउल करू लागले होते, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही निक्सला. रॉजर्सच्या बारा फ्री थ्रोंपैकी किती या डावपेचातले, हे तक्त्यावरून कळत नाही. धावफलकावर ‘धावबाद’ लिहिलेले दिसते, धाव कुणी मागितली ते दिसत नाही, तसेच हे. निक्सचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) डॅरल इमहॉफ २० मिनिटांत सहा फाउल होऊन बाहेर गेला, एवढे मात्र तक्ता स्पष्ट सांगतो.

चेंबरलेनने त्या रात्री किती फटके अडवले, हा प्रश्न विचारून उपयोग नाही. स्टील, ब्लॉक आणि रीबाउंडची आक्रमक-बचावात्मक विभागणी एनबीएने १९७३-७४ पासून अधिकृतपणे नोंदवायला घेतली, खेळाडूंचे टर्नओव्हर १९७७-७८ पासून. तीन गुणांचा फटका १९७९-८० मध्ये आला. चेंबरलेन १९७३ मध्ये निवृत्त झाला, बॉस्टन सेल्टिक्सचा सेंटर बिल रसेल १९६९ मध्येच. फटके अडवण्यात ज्यांचा दरारा होता त्या दोघांच्याही अधिकृत कारकिर्दीत ब्लॉकचा रकाना कोराच आहे. असिस्टचे दुखणे वेगळे : कोणत्या पासमुळे गोल झाला, हे टेबलावर बसलेला माणूस ठरवतो, आणि त्यात सढळ हात व आखडता हात दोन्ही दिसतात.

तक्त्यातल्या मूळ आकड्यांवरून पुढची गणिते होतात. सर्वांत उपयोगी म्हणजे खऱ्या नेमबाजीची टक्केवारी : गुणांना, फील्ड गोलचे प्रयत्न अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रोचे प्रयत्न, या बेरजेच्या दुपटीने भागायचे. ०.४४ अशासाठी, की गोल झाल्यावर मिळालेला एकच फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलवरचा (गैरवर्तनासारख्या चुकीबद्दलचा) फ्री थ्रो यांत संघाची नवी चढाई खर्च होत नाही. या मापाने चेंबरलेनचे १०० गुण सुमारे ६५ टक्क्यांचे ठरतात. २२ जानेवारी २००६ रोजी कोबी ब्रायंटने टोरोंटोविरुद्ध ८१ गुण केले (फील्ड गोल २८-४६, त्यांत तीन गुणांचे ७, फ्री थ्रो १८-२०), ते सुमारे ७४ टक्क्यांचे. गुण कमी, पण वाया गेलेली संधीही कमी.

प्लस-मायनस म्हणजे खेळाडू मैदानात असताना संघाची आघाडी कितीने वाढली वा घटली. एका सामन्यापुरता हा आकडा फसवा असतो. सोबतचे चौघे फॉर्मात असले की राखीव खेळाडूही अधिक बारा (+१२) दिसतो. २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व मैदानांवर हालचाल टिपणारे कॅमेरे आले. चेंडूला लागलेले हात, अंगावर घेतलेले धक्के, सहकाऱ्याला मोकळे करणारे अडथळे यांची मोजदादही आता होते; ती स्वतंत्र तक्त्यांत प्रसिद्ध होते.