कौलारू डिस्क आणि एका सुपरब्लॉकचा प्रश्न

कौलारू घराचं छप्पर शाकारताना बघितलंय का कधी? वरच्या रांगेतली कौलं खालच्या रांगेवर थोडी चढलेली असतात, त्यामुळे मधलंच एक फुटलं तर वरची उचलल्याशिवाय ते निघत नाही. एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) हार्डडिस्कवरचे ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल पट्ट्या, अगदी असेच बसवलेत. वाचणाऱ्या हेडला अरुंद पट्टी पुरते पण लिहिणाऱ्याला रुंद लागते, मग नवा ट्रॅक मागच्याचा थोडा भाग झाकतो, वाचण्यापुरता उरतोच, आणि तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो.

पण मधेच काही बदलायला गेलात की शेजारचा ट्रॅक गेला. म्हणून डिस्कचे झोन पाडतात, बहुतेक 256 एमबीचे, प्रत्येकाला एक राइट पॉइंटर, म्हणजे कुठवर लिहून झालंय त्याची खूण. लिहायचं ते तिथूनच पुढे, आणि जागा परत हवी असेल तर अख्खा झोन रिसेट करायचा.

लिनक्समध्ये याचा सपोर्ट 2017 मध्ये 4.10 कर्नलपासून आला. करून बघायला तशी डिस्कच पाहिजे असं नाही, नल-ब्लॉक मॉड्यूल मेमरीत खोटी झोनवाली डिस्क बनवून देतं. मी तिच्यावर 4 केबी लिहिले, पॉइंटर 8 सेक्टर (512 बाइटचा एक) पुढे सरकला, परत त्याच जागी लिहायला गेलो तर सरळ एरर!

आता फाइल सिस्टिमचं बघा. बीटीआरएफएस ही लिनक्सची एक फाइल सिस्टिम, ती तसंही जुन्यावर न लिहिता नवी कॉपी दुसरीकडे ठेवते, म्हणजे काम झालंच की असं वाटतं, पण तिचा सुपरब्लॉक, म्हणजे बाकी सगळं कुठे आहे ते सांगणारा मुख्य ब्लॉक, 64 केबीवर ठरलेल्या जागी असतो आणि प्रत्येक कमिटला (बदल पक्के करताना) तिथेच परत लिहिला जातो. माउंट करताना सगळ्यात आधी तोच शोधायचा, त्यामुळे हलवायचा तरी कुठे? 2021 च्या 5.12 कर्नलमध्ये जे उत्तर आलं ते मला फार आवडतं. सुपरब्लॉकसाठी दोन झोन राखून ठेवले, नवी कॉपी आधीच्या मागोमाग लिहायची, पहिला भरला की दुसऱ्यात जायचं, दोन्ही भरले की मगच पहिला रिसेट, म्हणजे ऐनवेळी लाइट गेली तरी एक धड कॉपी शिल्लक असतेच. आणि ताजी कोणती? राइट पॉइंटरच्या लगेच मागची.

दुसरी भानगड क्रमाची. प्रोसेसरच्या दोन कोअरवरून निघालेली राइट्स मागेपुढे पोचली तर झोनला चालत नाही, म्हणून झेडएनएस एसएसडीमध्ये (म्हणजे असेच झोन असलेल्या एसएसडीमध्ये) झोन अपेंड कमांड असते, डिव्हाइसला फक्त झोन सांगायचा, डेटा नेमका कुठे बसला ते तेच उलट कळवतं. पण मग पत्ता आधी ठरवून मग लिहायची फाइल सिस्टिमची जुनी सवय उलटी करावी लागते, लिहून झाल्यावर मिळालेला पत्ता मेटाडेटात, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे त्या नोंदींत, टाकायचा.

आणि फाइल डिलीट केली म्हणून जागा लगेच मिळत नाही. झोनमधला जिवंत डेटा दुसरीकडे हलवून झोन रिसेट होईपर्यंत ती अडकलेलीच, बीटीआरएफएसच्या युसेज कमांडमध्ये ती 'झोन अनयुजेबल' म्हणून वेगळी दाखवतात.